घाट चढेल आणि हायवेवर बोंबलणारही नाही: ऑटोमॅटिक व्ही-८ ला मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो किती ठेवावा?

भाट्येकर
मंडळी, नमस्कार. जाणकारांचा सल्ला हवाय, लवकर हवाय.

गाडी १९६५ ची शेव्हरोले इम्पाला. इंजिन ३२७ क्युबिक इंचाचं, म्हणजे साधारण ५.४ लिटरचं व्ही-८. कागदोपत्री २५० हॉर्सपॉवर ४४०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे), टॉर्कचा कळस २८०० ला. गिअरबॉक्स मूळचीच, दोन गिअरची पॉवरग्लाइड. मागच्या अ‍ॅक्सलचं बारा बोल्टांचं झाकण काढून दात मोजले: क्राऊनला (चाकांकडचं मोठं दातेरी चक्र) ३७, पिनियनला (इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टवरचं छोटं) ११. म्हणजे रेशो ३.३६: चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.३६ फेरे. टायर आता २१५/७० आर१५ आहेत.

मी रत्नागिरीत राहतो. गाडी दोन कामांना लागते: आंबा घाटातून कोल्हापूर, आणि कधीमधी ६६ नंबरच्या हायवेने मुंबई. सपाटीला मस्त पळते. घाटात मात्र वळणातून बाहेर पडताना जीव नाही. 'लो' मध्ये ओरडते, 'हाय' मध्ये टाकली की झोपते.

धाकटा भाऊ अमेरिकेहून येतोय, जड सामान एकदाच आणेल. ३.५५, ३.७३ की ४.११? गाडी थोडी चपळ हवी, शर्यत लावायची नाही.

बांगडा_फ्राय
पहिला! (धाग्यावर. घाटात नाही.)

कुंभार्ली_किंग
डोळे झाकून ४.११. व्ही-८ घेऊन कोणी पेट्रोलचा हिशोब करतं का? घाटात गाडी मागून लाथ बसल्यासारखी सुटली पाहिजे.

हापूस_हायब्रीड
इलेक्ट्रिक घ्या. गिअर एकच, प्रश्नच मिटला. 🙂

कुडाळची_गणितवाली
४.११ म्हणण्याआधी आकडे बघूया का? वर्गात गुणोत्तर शिकवते, म्हणून हात शिवशिवले.

२१५/७० आर१५ टायरचा व्यास ६८२ मिलिमीटर येतो. ताशी १०० किमीला चाक मिनिटाला सुमारे ७७८ फेरे मारतं. पॉवरग्लाइडचा वरचा गिअर १:१, म्हणजे इंजिनचे फेरे थेट अ‍ॅक्सलच्या रेशोवर:

३.०८ ला २४००
३.३६ ला २६१५
३.५५ ला २७६०
३.७३ ला २९००
४.११ ला ३२००

वर टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलातून ताकद देणारा भाग) घसरतो त्याचे थोडे मिळवा. कुंभार्लीकर, तुमच्या ४.११ ने भाट्येकर हातखंब्याहून पनवेलपर्यंत ३२०० च्या वर इंजिन ऐकत जाणार. सोबत कुटुंब असेल तर ते कोलाडला उतरून एसटी पकडेल.

कुंभार्ली_किंग
ताई, आवाज व्ही-८ चा आहे, मिक्सरचा नाही.

पिनियन
देवगडचा, सध्या टेक्ससमध्ये. इथे शनिवारी ड्रॅगस्ट्रिपवर पडीक असतो म्हणून बोलायचं धाडस करतो.

भाट्येकर, तुम्ही अ‍ॅक्सलचा प्रश्न विचारताय, पण दुखणं गिअरबॉक्समध्ये आहे. नुसता अ‍ॅक्सलचा रेशो बघून काही कळत नाही. पहिला गिअर गुणिले अ‍ॅक्सल, हा आकडा गाडी कशी उचलणार ते सांगतो. शेवटचा गिअर गुणिले अ‍ॅक्सल, हा हायवेवर किती ओरडणार ते सांगतो. दोन्ही एकत्र पाहायचे.

३२७ बरोबरच्या पॉवरग्लाइडचा लो १.७६. गुणिले ३.३६ म्हणजे ५.९. फारच कमी. ३.७३ घातला तर ६.६, म्हणजे ११ टक्के वाढ. कुंभार्लीकरांचा ४.११ घातला तरी ७.२.

आता अ‍ॅक्सलला हातही न लावता पॉवरग्लाइडच्या जागी तीन गिअरची टीएच३५० बसवा. तिचे गिअर २.५२, १.५२, १.००. पहिल्यात २.५२ × ३.३६ = ८.५. ४३ टक्के जास्त ओढ, आणि १०० च्या वेगाला इंजिन होतं तिथेच, २६१५ वर. ४.११ वाल्या पॉवरग्लाइडपेक्षा ही गाडी जागेवरून जोरात उठेल आणि हायवेवर ६०० फेरे कमी मारेल.

ड्रॅगस्ट्रिपवर हिशोब वेगळा असतो. तिथे ४०२ मीटरच्या शेवटी इंजिन पॉवरच्या कळसाशी पोचलं पाहिजे, म्हणून त्या वेगावरून उलटं मोजत रेशो काढतात. तिथले आकडे रस्त्याच्या गाडीला लावू नका. इथेही लोक ते करतात आणि मग महिन्याभरात गाडी विकायला काढतात.

आंबोली_धुकं
सुंदर प्रतिसाद. +१

पण एक शंका. ऑटोमॅटिकला मॅन्युअलपेक्षा कमी रेशो पुरतो असं सगळीकडे वाचतो. मग २०१८ मध्ये आलेल्या तीन दारांच्या जिम्नीच्या पत्रकात मॅन्युअलला ४.०९ आणि ऑटोमॅटिकला ४.३० कसा? उलटं झालं ना?

पिनियन
छान पकडलंत. तोच गुणाकार करा. त्या मॅन्युअलचा पहिला गिअर ४.४२५, गुणिले ४.०९ म्हणजे १८.१. ऑटोमॅटिकचा पहिला २.८७५, गुणिले ४.३० म्हणजे १२.४. एकूण ओढ ऑटोमॅटिकमध्ये कमीच ठेवली आहे, कारण उरलेलं काम टॉर्क कन्व्हर्टर करतो. गाडी उभी असताना तो टॉर्क साधारण दुप्पट करतो. वेग वाढला की ही वाढ ओसरत जाते.

अ‍ॅक्सल ४.३० चालतो कारण चौथा गिअर ०.६९७ चा ओव्हरड्राइव्ह आहे, म्हणजे गिअरबॉक्समधून निघणारा शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फेरे मारतो. ०.६९७ × ४.३० म्हणजे फक्त ३.०. मॅन्युअलचा पाचवा १:१, तिथे ४.०९.

आणि दुसरं टोक बघा. २०१५ ची डॉज चॅलेंजर हेलकॅट: मॅन्युअलला ३.७०, आठ गिअरच्या ऑटोमॅटिकला २.६२. ७०७ हॉर्सपॉवरच्या गाडीला २.६२! जुन्या काळच्या माणसाला हा रेशो ऐकून हसू येईल. पण त्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ४.७१ आहे. गुणाकार १२.३. तीन गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिकला तेवढा गुणाकार हवा असेल तर अ‍ॅक्सल ४.९ च्या आसपास लागेल.

सुरंगी
मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण दात ३७ आणि ११ असे विचित्र का ठेवतात? ३६ आणि १२ केले असते तर सरळ ३ आलं असतं की.

मेस्त्रीमामा_लोटे
सुरंगीताई, प्रश्न बरोबर आहे. ३६ आणि १२ ठेवले तर पिनियनचा तोच दात दर फेऱ्याला क्राऊनच्या त्याच तीन दातांवर येणार. एक दात खराब झाला की तेच तीन मरणार. ३७ आणि ११ मध्ये समाईक काही नाही, म्हणून प्रत्येक दात फिरत फिरत सगळ्यांना भेटतो आणि झीज सारखी होते. ३.७३ म्हणजे ४१ आणि ११, ३.५५ म्हणजे ३९ आणि ११.

ज्यांना झाकण काढायचं नाही त्यांच्यासाठी: साधा डिफ्रेन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा) असेल तर मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांना दगड. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते खडूच्या खुणेवर मोजा. तोच रेशो.

आता भाट्येकरांना. बारा बोल्टवाल्या हाउसिंगमध्ये ३.०८ पासून ३.७३ पर्यंत कॅरियर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) एकच चालतो. ३.९० च्या वर गेलात की कॅरियरही बदलावा लागतो. म्हणजे ४.११ म्हटलं की पेटीत अजून एक लोखंड आलं.

आणि क्राऊन-पिनियन बदलणं म्हणजे नट खोलून नट आवळणं नाही. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) जुळवायची, बेअरिंगचा प्रीलोड (आवळण्याचा ताण) बघायचा, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरमध्ये आणायचा. शेंदूर तेलात कालवून दातांना लावायचा, फिरवायचं, खूण दाताच्या मधोमध उमटली पाहिजे. खूण कडेला आली तर उघडा, शिम बदला, पुन्हा. आमच्याकडे ट्रकची ही कामं रोज होतात. पण ट्रकमध्ये हाउसिंग रडलं तरी केबिनमध्ये ऐकू येत नाही, इम्पालाच्या सोफ्यावर बसून ऐकू येणार. चांगला जुळलेला मूळ अ‍ॅक्सल उगाच उघडू नये असं माझं मत.

दर्यावर्दी
मामा, शेंदूर डिफ्रेन्शियलला लावल्यावर नारळ फोडता की नाही?

मेस्त्रीमामा_लोटे
बिल दिल्यावर गिऱ्हाईक फोडतं. स्वतःचं कपाळ. 😄

तात्या_वेंगुर्ला
मी एसटीत ड्रायव्हर होतंय, आता रिटायर. तुमचो गुणाकार माका कळणा नाय. माका एकच इचारूचा आसा. चढतलंस ता ठीक, पण उतारतलंस कसो? आमका शिकवलेला: ज्या गिअरात घाट चढलंस, त्याच गिअरात उतर. ह्या गाडयेक दोनच गिअर. ब्रेक कसले आसत?

भाट्येकर
तात्या, ब्रेक चारही चाकांना ड्रम. मूळचेच. ब्रेकला पॉवर बूस्टर आहे.

तात्या_वेंगुर्ला
मरे! आणि तू रेशो इचारतंस?

आंबोली_धुकं
तात्यांशी पूर्ण सहमत. त्या काळी या मोठ्या शेव्हरोलेंना पुढे डिस्क मिळायलाच १९६७ उजाडलं. पावणेदोन टनांची गाडी, ड्रम ब्रेक आणि आंबा घाटाचा उतार. ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही, आणि हे पहिल्या वळणावर कळत नाही, पाचव्या-सहाव्या वळणावर कळतं. आधी पुढचे डिस्क. मग चपळपणा.

कुडाळची_गणितवाली
तात्यांचा नियम आकड्यांत बसवून पाहिला, चक्क बसला. उतारावर ताशी ३० धरा, चाक मिनिटाला सुमारे २३३ फेरे. सगळीकडे अ‍ॅक्सल ३.३६ च:

पॉवरग्लाइड लो: १३८०
टीएच३५० चा पहिला: १९७५, दुसरा: ११९०

पेडल सोडल्यावर १३८० वर इंजिन फारसं धरून ठेवणार नाही. १९७५ वर धरेल. म्हणजे चढणीला जो गुणाकार कामाचा, तोच उताराला.

पिनियन
बरोबर, फक्त एक पुस्ती. उतारावर कन्व्हर्टर थोडा निसटतो, त्यामुळे ऑटोमॅटिकचं इंजिन-ब्रेकिंग मॅन्युअलपेक्षा नेहमीच ढिलं. म्हणून घाटात सिलेक्टर 'ड्राइव्ह' मध्ये ठेवून उतरू नका. हाताने लो मध्ये आणा, आणि तेही वेग कमी केल्यावर.

कलम_५२
कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत, म्हणजे नोंदणीतल्या तपशिलांत, मनाने बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर कडक निकाल दिला आहे. वर २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो. त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं, आणि तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, इतकंच. तुमची नोंदणी कुठली ते आधी बघा.

भाट्येकर
जुनीच नोंदणी आहे, वेळोवेळी नूतनीकरण केलेली. व्हिंटेज नंबर घेतलेला नाही, कारण कोल्हापूरला मिसळ खायला जाणं 'प्रदर्शन' मध्ये बसेल का याची खात्री नव्हती. गिअरबॉक्सचं मात्र आरटीओत विचारूनच करतो.

बांगडा_फ्राय
तुमची गाडी बघून मिसळवाला बाहेर येतो ना? झालं प्रदर्शन.

सुरंगी
अवांतर: कोल्हापूरची मिसळ की आमच्या सावंतवाडीची उसळ?

दर्यावर्दी
सुरंगीताई, या वादात चार धागे जळाले आहेत. हा तरी वाचवा.

माझा मुद्दा वेगळा. रेशो कुठलाही ठेवा, पण किनाऱ्यावरच्या गाडीचा अ‍ॅक्सल पाण्याने मरतो. हाउसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्यायेण्याची तोटी, असतो. घाट उतरून आल्यावर हाउसिंग गरम असतं. लगेच पाण्यातून गाडी घातली की ते झटक्यात थंड होतं, आत पोकळी तयार होते आणि ऑइल सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल चहासारखं दिसायला लागलं की समजा. जयगड-तवसाळच्या जेटीवर भरतीच्या वेळी गाडी बोटीत चढवताना हे आवर्जून आठवा. ब्रीदरला रबरी नळी लावून वर चासीपाशी नेऊन ठेवा. काम क्षुल्लक आहे, पण करत कोणी नाही. आणि दर पावसाळ्यानंतर ८०डब्ल्यू-९० तेल काढून बघा.

मेस्त्रीमामा_लोटे
दर्यावर्दींना दंडवत. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला, त्यानंतर आलेल्या गाड्यांत इंजिनाकडे सगळे धावले. अ‍ॅक्सलचं तेल विचारणारे हाताच्या बोटांवर. दोन-तीन महिन्यांनी तेच बेअरिंगच्या आवाजाने परत आले.

कुंभार्ली_किंग
सगळं मान्य. पण माझा मूळ मुद्दा कुणी खोडला नाही. चार गिअरची ७००आर४ घातली तर ४.११ का नको? ओव्हरड्राइव्ह ०.७० आहे. ०.७० × ४.११ = २.८८. ताईंच्या हिशोबाने १०० ला २२४० आरपीएम. आत्तापेक्षा कमीच! घाटही मिळाला, हायवेही मिळाला.

कुडाळची_गणितवाली
आकडा बरोबर आहे. 👍

पिनियन
आकडा बरोबर, गाडी बिघडणार. ७००आर४ चा पहिला गिअर ३.०६. गुणिले ४.११ म्हणजे १२.६. पन्नासच्या आत पहिला गिअर संपणार. आणि या बॉक्सची खोड अशी की पहिल्या-दुसऱ्यात मोठी दरी आहे: ३.०६ वरून थेट १.६३. इंजिन ४५०० वरून २४०० ला पडतं. अ‍ॅक्सलचा रेशो जितका मोठा, तितका तो धक्का लवकर आणि वारंवार. घाटात दोन वळणांच्या मध्ये ती पहिला-दुसरा-पहिला करत बसेल. पावसात, शेवाळलेल्या रस्त्यावर साध्या डिफ्रेन्शियलवर पहिल्या गिअरला एवढी ओढ दिलीत तर आतलं चाक जागेवरच फिरेल.

तीच ७००आर४ मूळ ३.३६ वर लावा. पहिला १०.३, तुमच्या आत्ताच्या ५.९ पेक्षा पाऊणपट जास्त. टॉप २.३५, म्हणजे १०० ला १८३०, कन्व्हर्टर लॉक झाला (घसरायचा थांबला) की खरोखर तेवढेच. या इंजिनला टॉर्क खालूनच मिळतो, १८३० वर ते आरामात चालतं. अ‍ॅक्सल उघडावाही लागला नाही.

कुंभार्ली_किंग
म्हणजे शेवटी ३.३६ च? मग धागा काढला कशाला? 😂

आंबोली_धुकं
माझं मत टीएच३५० ला. ७००आर४ पॉवरग्लाइडपेक्षा तीन इंचांहून जास्त लांब आहे. क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी) मागे सरकवा, शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करा. शिवाय कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल नीट जुळली नाही तर आतल्या क्लचेसना दाब कमी पडतो आणि बॉक्स थोड्याच दिवसांत जळतो. इथे ती केबल जुळवणारा शोधायचा कुठे? टीएच३५० ची आखूड शेपटीवाली आवृत्ती जवळपास पॉवरग्लाइडच्याच लांबीची, त्याच शाफ्टवर बसते. साधी आणि दणकट. हायवेला २६१५ काही जीवघेणे नाहीत. मुंबईला कधीमधीच जाताय ना?

पिनियन
हे पटण्यासारखं आहे. मी इथल्या शेकडो मैलांच्या सरळ रस्त्यांच्या हिशोबाने बोलतो. तुमच्याकडे वर्षातले बहुतेक किलोमीटर घाटातले असतील तर टीएच३५०. पण कुठलाही बॉक्स घ्या, रेडिएटरच्या पुढे स्वतंत्र ऑइल कूलर लावाच. उन्हाळ्यात हळू चढताना कन्व्हर्टर सतत घसरतो आणि ती सगळी उष्णता तेलात जाते. आणि हौसेने जास्त स्टॉलचा (गाडी ब्रेकवर धरली तर इंजिन जितक्या आरपीएमपर्यंत चढतं तो आकडा) कन्व्हर्टर मागवू नका. स्टॉल ३००० चा आणि तुम्ही हायवेवर २६०० वर, म्हणजे तो बिचारा कायम घसरतच राहणार.

तात्या_वेंगुर्ला
ब्रेक.

भाट्येकर
तात्या, ब्रेक आधी. कबूल. 🙏

सगळ्यांना धन्यवाद. ठरलं असं: अ‍ॅक्सल ३.३६, हात लावायचा नाही, फक्त तेल, सील आणि दर्यावर्दींची ब्रीदरची नळी. पुढे डिस्क ब्रेकचा संच. गिअरबॉक्स टीएच३५०, मूळ स्टॉलच्या कन्व्हर्टरसह, आणि कूलर. कुंभार्लीकर, रागावू नका, कोल्हापूरला जाताना तुम्हाला पुढच्या सीटवर बसवतो.

कुंभार्ली_किंग
चालेल. पण चढणीवर पेडल मी दाबणार.

मेस्त्रीमामा_लोटे
भावाला सांगून टीएच३५० च्या शेपटीतला स्पीडोमीटरचा छोटा प्लॅस्टिक गिअर ३.३६ आणि तुमच्या टायरच्या मापाचा बघूनच मागवा. तो एवढासा असतो, म्हणून सगळे विसरतात, आणि मग काटा खोटा वेग दाखवतो. सोबत पॅन गॅस्केट दोन. एक बसवताना फाटणारच.

भाट्येकर
यादीत टाकलं. गॅस्केट तीन सांगतो.